नोंदणीकृत रानबोर

रानबोर कुठेही उगवतं. खडकाच्या फटीत उगवतं, पडक्या भिंतीत उगवतं. जिथे पाणी नाही, माती नाही आणि कुणाची तशी इच्छाही नाही, तिथे तर हमखास उगवतं. ही माहिती मला आधीपासून होती, आणि म्हणूनच मी या भानगडीत पडलो. जे जगात आपोआप होतं ते आपल्या हातूनही होईल, असा माझा स्वतःबद्दल अगदी माफक अंदाज होता. तोही जास्तच निघाला.

सुरुवात खिशातून झाली. ऑफिसची सहल टेकडीवर गेली होती. तिथे मी झुडपाशी उभं राहून पोटभर रानबोरं खाल्ली आणि कचरा करू नये म्हणून आठळ्या रुमालात बांधून खिशात टाकल्या. माझ्या हातून घडलेलं हे एकमेव नागरी सत्कृत्य. ते वॉशिंग मशीनमध्ये उघडकीला आलं. मशीनमधून आधी खडखड आवाज आला, मग कण्हल्यासारखा आवाज आला आणि मग बायकोचा.

"हे काय आहे?" तिने ओला रुमाल माझ्या नाकासमोर धरला.

'विसरलो' म्हणालो असतो तर दोन वाक्यं ऐकून मोकळा झालो असतो. पण माणसाला स्वाभिमान नावाचा एक जुनाट विकार असतो. मी म्हणालो, "बिया आहेत. मुद्दाम आणल्यात. लावणार आहे."

"तू?" ती म्हणाली. "तू आजवर घरात फक्त मोबाइल लावलायस. चार्जिंगला."

झालं. त्या क्षणापासून रानबोर हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट नाही. लिफ्टसाठी ठेवलेली जागा आहे, तिच्यात सायकली आहेत. त्यामुळे खालून माती आणणं हे गिर्यारोहण होतं. एक फुटकी बादली मी त्या मातीने भरली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, आठळ्या पुरल्या आणि पाणी घातलं. काहीही झालं नाही. म्हणजे बादलीतलं पाणी खिडकीतून खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेलं, एवढं झालं.

ती चादर दाखवायला तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर वर आले. निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि चादरीचं विसरून गेले.

"अरे, असं कसं उगवेल? बी झोपलेलं असतं. कवच केवढं कठीण! हातोडीने हलकेच टिचवायचं."

मी हातोडी आणली. हलकेच टिचवलं. आठळी जशीच्या तशी राहिली, ओट्याची फरशी टिचली.

"जरा जोर कमी पडला," मास्तर म्हणाले. फरशीकडे त्यांनी पाहिलंच नाही. शिक्षकाला चुकलेलं गणित दिसतं, फुटलेली पाटी दिसत नाही.

आवाज ऐकून समोरच्या काकू आल्या. काकूंचा हातोडीला सक्त विरोध. "बियांना कधी मारून उठवतात का? हे बी पाखराच्या पोटातून जावं लागतं बाबा." आणि त्यांनी लगेच घरून पोपट आणला. पोपटाने आठळी चोचीत घेतली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. इतक्या शांतपणे माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि मी तक्रार विभागात काम करतो.

मग मास्तर म्हणाले, गरम पाण्यात भिजव. काकू म्हणाल्या, गार पाण्यात. मी दोघांचा मान राखून कोमट पाणी घेतलं, आणि ते कोमट राहावं म्हणून आठळ्या थर्मासमध्ये घालून ऑफिसला नेल्या. आमच्या साहेबांनी माझ्या टेबलावरचा थर्मास उघडून अर्धा कप ओतून घेतला. प्यायले. थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. "चहाची पत्ती बदललीस का?" त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हणालो. मी अजून नोकरीत कायम झालेलो नाही. अशा माणसाने साहेबांना 'नाही' म्हणू नये.

एवढं करून आठळ्या पुन्हा पुरल्या, तरी बादली ढिम्म. बायको रोज ओट्याशी उभी राहून बादलीत एक नजर टाकायची आणि काहीही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी मी नगरपालिकेच्या उद्यान कार्यालयात गेलो. मी स्वतः त्याच नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे, म्हटलं आपलीच माणसं. आपल्या माणसांपासून सावध राहावं, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही.

निरीक्षकसाहेबांच्या टेबलावर कुंडी होती. झाड प्लास्टिकचं होतं आणि तेही कोमेजलेलं वाटत होतं.

"बी उगवत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"नागरिक."

"नागरिकांचे प्रश्न लेखी घेतो. उत्तर टपालाने जातं. संगोपनकर्ता असाल तर आत्ता विचारा."

"संगोपनकर्ता म्हणजे?"

"देशी काटक झुडपं वाढवतो तो. इथे सही करा."

'वाचल्याशिवाय सही करू नका' हे वाक्य मी ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर दिवसभरात इतक्या लोकांना ऐकवतो की ते मलाही लागू असेल हे डोक्यातच आलं नाही. सही केली.

"आता विचारा," साहेब म्हणाले.

"बी उगवत नाही."

"वाट बघा," ते म्हणाले. "चला, पुढचे कोण?"

आणि सांगायला लाज वाटते, पण तो सल्ला बरोबर निघाला. एका सकाळी बादलीत हिरवं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. आठवडाभरात बादलीत इतकी निरनिराळी पानं उगवली की माझ्या आठळ्यांच्या चारित्र्याबद्दलच शंका यावी. यातलं बोर कोणतं? मास्तर म्हणाले, उजवीकडचं. काकू म्हणाल्या, मधलं. पोपटाला कुणी विचारलं नाही. बायको म्हणाली, "सगळं गवत आहे." हे ती शांतपणे म्हणाली आणि पुढे रोज शांतपणेच म्हणत राहिली.

तेवढ्यात निरीक्षकसाहेब तपासणीला आले. चार मजले चढून आल्यामुळे ते बराच वेळ फक्त हातवारे करत होते. मग त्यांनी बादलीत बोट घातलं, डाव्या कोपऱ्यातल्या, कुणाच्याच लक्षात न आलेल्या एका काडीला स्पर्श केला आणि म्हणाले, "हे. बाकीचं उपटा." खिडकीच्या चौकटीवर स्क्रूने क्रमांकाचा एक पत्र्याचा बिल्ला बसवला. रोप माझ्या करंगळीएवढं, बिल्ला पाठ्यपुस्तकाएवढा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार मी तोवर फक्त म्हणीत पाहिला होता.

मी खूश होतो. पाहुण्यांना ओट्यापाशी नेऊन बिल्ला दाखवायचो. पाहुणे रोप शोधायचे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. पण बायकोला सातवा महिना लागला होता. पायांवर सूज येत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिने शक्यतो टाळा. आता चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने जिने टाळायचे म्हणजे एकतर वरच राहायचं किंवा खालीच. ती नोकरीवरून संध्याकाळी परतायची तेव्हा मी दार उघडं ठेवून तिच्या पावलांचा आवाज ऐकत उभा असायचो. पहिला मजला, दुसरा मजला. मग आवाज थांबायचा. तो थांबला की मी भाजी करपवायचो. मी खाली धावत जाऊन पर्स घ्यायचो, पिशवी घ्यायचो, पण चढायचं तिलाच असायचं. एकदा ती मध्येच पायरीवर बसून म्हणाली, "तू जा वर. मी बाळाला इथेच वाढवते." आम्ही दोघं हसलो. ती आधी थांबली.

म्हणून जेव्हा दोन गल्ल्या सोडून तळमजल्याचं घर मिळालं, तेव्हा मला देवच पावला. घरमालक दातांचे डॉक्टर. "रविवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले, "मग दुसरे लोक तयार आहेत." त्या घराला उंबरठा होता, पायरी नव्हती. बायको त्या दारातून चार वेळा आत-बाहेर करून आली. नुसतीच. पाचव्यांदा मी तिला थांबवलं.

मी निरीक्षकसाहेबांना पत्ता बदलायचा अर्ज द्यायला गेलो.

"रोप हलवता येत नाही," ते म्हणाले.

"बादलीत आहे साहेब. बादलीला कडी आहे. उचलायची आणि—"

"पक्कं मूळ धरेपर्यंत नोंदलेल्या जागेवरून हलवायचं नाही. नियम आहे."

"बरं. रोप राहू दे इथे. आम्ही जातो."

"संगोपनकर्त्याने रोपापासून दूर राहायचं नाही. तोही नियम आहे."

"मोडला तर?"

साहेबांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तुम्ही पाणीपुरवठ्यात ना? अजून कायम नाही?" एवढंच म्हणाले. पुढचं त्या प्लास्टिकच्या झाडालाही कळलं.

मी मार्ग विचारले. रोप वाळलं तर? निष्काळजीपणा, शिवाय नवीन बिया मिळतील आणि पहिल्यापासून सुरुवात. कुजलं तर? तेच. चोरीला गेलं तर? पोलिसांत तक्रार. जनावराने खाल्लं तर? इथे साहेब किंचित हळवे झाले. "तो निसर्गक्रम. मग नोंद बंद होते." आणि रोप रानबोर नसून तण निघालं तर? "मग प्रश्नच मिटला. पण ते वनस्पतींच्या मॅडम ठरवणार. रविवारी तपासणीला येतात."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "एक उपाय आहे. तू तळमजल्यावर राहा. मी इथे रोपापाशी राहतो."

तिने माझ्याकडे पोपटासारखं पाहिलं. "आणि बाळाने विचारलं, बाबा कुठेय, तर सांगू? झाडाकडे गेलाय, मोठं झालं की येईल?"

रविवारच्या आधी हाताशी एकच वाट होती : निसर्गक्रम. मी दूधवाल्याकडून त्याची शेळी मागून आणली. 'थोडा वेळ, एका घरगुती कामासाठी' असं सांगितलं. त्याने ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

शेळी जिना मोठ्या आनंदाने चढली. आमच्या इमारतीचे जिने आनंदाने चढणारा तो पहिलाच जीव. पहिल्या मजल्यावर तिने पायपुसणं खाल्लं. दुसऱ्यावर दाराला अडकवलेला कोबी, पिशवीसकट. तिसऱ्यावर मास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिने मागच्या पानापासून सुरुवात केली.

"अरे, माझं कोडं!" मास्तर ओरडले. "अर्धं सुटलं होतं!"

"सॉरी मास्तर, निसर्गक्रम आहे!" मी ओढत ओढत म्हणालो.

चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर काकूंच्या दाराचं तोरण गेलं. आमच्या घरात पडद्याची झालर आणि विजेचं बिल गेलं. मग मी तिला मोठ्या आदबीने ओट्यापाशी नेऊन बादली पुढे केली. शेळीने रोप हुंगलं. मान वळवली. आणि तिथेच, टिचलेल्या फरशीशेजारी, रवंथ करत बसली.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. इथे शेळी मजेत होती, आणि वातड मी ठरलो होतो.

ती काही केल्या उतरेना. शेळ्या चढायला राजी असतात, उतरायला नसतात. शेवटी मी तिला खांद्यावर घेऊन चार मजले उतरलो. वाटेत बायको भेटली. चढत होती. मध्येच थांबली, कठड्याला टेकली. ती माझ्याकडे पाहत होती, शेळी तिच्याकडे पाहत होती. "तिला उचलून नेतोस," ती म्हणाली. आणि पुढची पायरी चढली.

पण त्या रात्री मला एका गोष्टीचा दिलासा मिळाला. ज्याला शेळी तोंड लावत नाही ते रानबोर कसलं? बायकोचंच खरं. ते गवत होतं. मी इतके महिने एका गवताला पाणी घातलं, त्याची पाहुण्यांशी ओळख करून दिली. माझी इभ्रत गेली होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. रविवारी मॅडम येणार, 'तण' म्हणणार, मी मान खाली घालणार, आणि आम्ही खाली जाणार.

रविवारी टेम्पो येऊन उभा राहिला. हमालांनी गादी आणि कपाट नेलं. बायकोला मी काकूंकडे बसवलं होतं, पण मॅडमचा आवाज ऐकून ती आलीच. निरीक्षकसाहेब दाराला धरून धापा टाकत होते. मास्तर आणि काकूही आत शिरले. निकाल कळल्याशिवाय दोघांनाही झोप आली नसती. मॅडमनी भिंग काढलं आणि बादलीवर ओणवल्या. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"तण आहे ना मॅडम?" मी मदत केली.

"पानाला बुडापासून तीन शिरा," त्या म्हणाल्या. "मागची बाजू पांढरट, लव आहे. आणि हे बघा, कोवळे काटे जोडीने आलेत. एक सरळ, एक वाकडा." त्या ताठ उभ्या राहिल्या. "रानबोर. अगदी अस्सल. तुम्ही फार छान वाढवलंय हो."

आयुष्यात पहिल्यांदा माझं असं तोंडभर कौतुक झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

"नीट बघा ना मॅडम," मी म्हणालो. "गवतच असेल. माझ्या हाताला काही येत नाही, कुणालाही विचारा. शेळीनेसुद्धा खाल्लं नाही!"

"त्या दिवशी तिने काय काय खाल्लं होतं?"

मास्तर खाकरले. "एक शब्दकोडं," ते कडवटपणे म्हणाले.

"मग पोट भरलं असेल," मॅडम म्हणाल्या. "एरवी या पाल्यासाठी शेळ्या वेड्या होतात."

निरीक्षकसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अभिनंदन. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलायचं नाही." खाली हॉर्न लांब वाजला आणि मग बंद झाला. ती शांतता हॉर्नपेक्षा वाईट होती. मला बाळ दिसायला लागलं, बाळाची दुपटी दिसायला लागली, ती सगळी चार मजले वर येताना दिसायला लागली, आणि त्यांच्यामागून, कठडा धरून, बायको.

खरी बायको मॅडमना विचारत होती, "माणसाने खाल्लं तर बाधतं का हो हे?"

"छे! कोवळी पानं लोक भाजीतसुद्धा घालतात."

"मुळासकट?"

"एवढंसं मूळ. काय होणार आहे?"

बायकोने हात लांब केला आणि रोप उपटलं. नळाखाली धरून स्वच्छ धुतलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं धुऊन खायला सांगितलंय. आणि तोंडात टाकलं. आम्ही सगळे तिला चावताना बघत होतो. चांगला बराच वेळ लागला. माझे सगळे महिने त्यात होते.

"तुरट आहे," ती म्हणाली.

निरीक्षकसाहेब रिकाम्या बादलीकडे धावले. "अहो... हे... हे भक्षण झालं!"

"मग निसर्गक्रम," मी घाईने म्हणालो. "नोंद बंद!"

"भक्षणात गुरं येतात, शेळ्या येतात, पाखरं, कीटक." ते घाम पुसत आठवू लागले. "माणूस येत नाही. संगोपनकर्त्याची बायको तर नाहीच."

"मग निष्काळजीपणा लिहा," काकू म्हणाल्या. त्या नक्की कोणाच्या बाजूने होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

"निष्काळजीपणा कसा? हे शेजारीच तर उभे होते, डोळे फाडून बघत. चोरीही नाही, घरच्याच माणसाने घेतलं. वाळलं नाही, कुजलं नाही." साहेब अगदी रडकुंडीला आले. "मी आता लिहू काय? रोप आहे तरी कुठे?"

"इथे," बायको म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. "घरातच आहे. ताजं आहे. आणि ते आता खाली, तळमजल्याच्या घरी निघालंय. तुमच्या नियमात संगोपनकर्त्याने रोपापासून दूर राहायचं नाही ना?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग याला सांगा, पाण्याची बाटली घे आणि माझ्या मागून ये."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम भिंग पुसण्यात गर्क होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली, उत्तर बरोबर आलं की डोलावतात तशी. मग साहेब माझ्याकडे वळले आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "उभे काय राहिलात? निघा! आणि जपून. धक्का लागू देऊ नका."

मी धावलो. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात उशा. ती कठड्याला धरून सावकाश उतरत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची पावलं थांबली आणि मी सवयीने उशा टाकून पुढे झालो.

"काय गं? दुखतंय?"

"नाही रे," ती म्हणाली. ती मान वर करून आत्ताच उतरलेल्या पायऱ्यांकडे बघत होती. "थांब जरा. यांना टाटा करते."